नऊ नंबरची जर्सी

गिरीज गावाच्या फुटबॉल संघाची एक रीत होती. फायनलच्या रविवारी मिस्सेची प्रार्थना संपली, की चर्चच्या पायरीवर सॅन्टन सर एकेकाच्या हातात जर्सी देत. जर्सी मिळाली तो खेळणार.

सॅन्टन सर मुंबईच्या एका बँकेच्या संघातून बरीच वर्षं खेळले होते. सुजलेल्या गुडघ्यात इंजेक्शनं घेऊन खेळले, म्हणून आता तो गुडघा वाकत नसे. मिस्सेत सगळे गुडघे टेकत, तेव्हा ते एकटे बाकावर बसून राहत.

गुरुवारी सेमीफायनलला नऊ नंबरच्या एरॉलचा गुडघा सुजला होता. सरांनी स्प्रे मारला, पट्टी आवळली आणि विचारलं, "खेळशील ना?" कोचला 'नाही' म्हणणारा खेळाडू त्यांनी कधी पाहिला नव्हता. हे ठाऊक असूनच त्यांनी विचारलं होतं. एरॉलने गोल मारला. गावाने शाबासकी दिली ती सरांना.

आज मिस्सेत सगळे खाली वाकले. पुढच्या बाकावर एरॉल बसूनच राहिला.

"गुडघे टेक रे, आळशी!" आई रिटाने त्याला कोपराने ढोसलं.

एरॉलने बाक धरून वाकून पाहिलं, जमलं नाही. मागे वळून तो सरांकडे बघून हसला. जणू आता दोघांचं सारखंच झालं. सरांना त्या हसण्याकडे बघवेना.

पायरीवर नऊ नंबरची जर्सी उरली.

"सर, माझी?"

"आज नाही."

"थोडंसंच दुखतंय. स्प्रे मारा ना, गुरुवारी मारला तसा."

"गुरुवारी?" रिटा पुढे आली. "मला तर म्हणाला, विहिरीपाशी घसरलो!"

पोरालाच खेळायची हौस होती, एवढं सरांनी म्हटलं असतं तरी निभावलं असतं.

"रिटाबाय, गुडघा सुजलेला मला दिसत होता. तरी मी खेळवलं."

"आणि आईशी खोटं बोलायला कोणी शिकवलं?"

"तेही मीच."

रिटाने वाकून एरॉलचा गुडघा चाचपला. मग म्हणाली, "स्कूटर काढा. डॉक्टरला हे तुम्हीच सांगायचं. मी रिक्षाने येते मागून."

"आणि मॅच?" पोरं ओरडली.

सरांनी उरलेली जर्सी कॅप्टनकडे दिली. एरॉल पाय ताठ ठेवून मागे बसला. रोज सरावाला जाताना तो सरांचा खांदा धरायचा. आज त्याने सीटची कड धरली.