अठ्ठावन्नचा क्रँक

कलीमचा निरोप आला तेव्हा मी लातूरहून नांदेडची पहिली गाडी पकडली. त्याच्या वर्कशॉपमध्ये पाय ठेवला, तर विरूपाक्ष आधीच खुर्ची टाकून बसलेला होता.

"या, नरसिंगराव," तो म्हणाला. "कलीम, बघ, तुझी तोंडी घ्यायला बाहेरचे परीक्षक आले."

एकेकाळी विरूपाक्ष आणि मी लातूरच्या तंत्रनिकेतनात शिकवत होतो, एकाच खोलीत बसत होतो. भूकंपानंतर काही वर्षांत गावोगावचे पालक मुलांना लातुरात खोली करून ठेवू लागले, शिकवणीवर्गांना बरकत आली, आणि त्याने नोकरी सोडली. आता त्याच्या चेहऱ्याचे फलक थेट औशाच्या रस्त्यापर्यंत आहेत. नांदेडच्या एका क्लासवाल्याने जाहिरातीसाठी गाड्यांची शर्यत ठेवली होती: वाहतूक सुरू न झालेला काँक्रीटचा रस्ता, सरळ पाव मैल, एका वेळी दोन गाड्या. तिच्यात उतरण्यासाठी विरूपाक्षने एक जुनी जीप घेतली आणि तिच्या इंजिनावर सुपरचार्जर चढवला. हे यंत्र सिलिंडरमध्ये जास्तीची हवा कोंबते आणि इंजिनाची ताकद कितीतरी वाढवते. ती सगळी ताकद शेवटी पिस्टनची वरखाली चाल गोल फिरवणाऱ्या एका दांड्यावर येते. तो क्रँकशाफ्ट. शिवाय सुपरचार्जरचा पट्टाही त्याच्याच पुढच्या टोकावरून ओढला जातो.

मूळचा क्रँक ओतीव होता. तो टिकणार नाही, एवढ्यापुरते आमचे एकमत होते.

गाडी हाकणार होता कलीम, माझा जुना विद्यार्थी. मी आधी जीपखाली वाकून पाहिले. क्रँकच्या टोकाला बसणारे जड फ्लायव्हील एका पातळ कवचात होते आणि त्याच्या लगत चालकाची पावले येत होती. भरवेगात क्रँक मोडला तर ते चाक कवच फोडून निघते. मग पाय राहत नाहीत.

टेबलावर दोन क्रँक मांडले होते.

"ह्यो जुना, डिझेल जीपचा, घडीव," कलीम म्हणाला. "तेलात बुडवून, पुसून, खडू फासून बघितलाय. कुठं तेल पाझरलं न्हाई. भेग न्हाई."

"आणि हा नवा," विरूपाक्षने प्रमाणपत्र पुढे केले. "पोलाद दोन्हींचं एकाच जातीचं. कडकपणा तेवढा वाचा. जुना बत्तीस, नवा अठ्ठावन्न. मीच सांगून करून घेतला. आतून-बाहेरून सारखा, जमेल तितका कडक. कारखानदार कुरकुरत होता. मी म्हटलं, माल माझा, जबाबदारी माझी."

"कारखानदार शहाणा होता," मी म्हणालो. "कडक हवी ती वरची त्वचा. गाभा चिवट हवा. दर स्फोटाला क्रँक किंचित पिळवटतो आणि पुन्हा जागेवर येतो. तुमचा हा दांडा पिळवटणार नाही, मोडेल. इथे जास्त आकडा म्हणजे जास्त टिकाऊपणा नव्हे."

"नरसिंगराव, आमच्याकडं बत्तीसवाल्याला मागच्या बाकावरसुद्धा बसू देत नाहीत."

कलीम हसला. मला ते हसणे लागले.

"भूकंपानंतर पुनर्वसनाच्या घरांच्या सळया आपल्याच प्रयोगशाळेत यायच्या," मी म्हणालो. "वाकल्या त्या आपण पास केल्या आणि काडकन मोडल्या त्या परत पाठवल्या. त्या अहवालांवर तुमचीही सही असायची."

"त्या वेळी मीही तुमच्यासारखाच अडकून पडलो होतो. मी सुटलो. लेक्चर मला देऊ नका; माझं ऐकायला पोरं रांगा लावतात."

"सर, तुमचं भांडण मागून करा," कलीम मध्ये पडला. "नव्याला केसभर बाक हाय. गेज लावून बघितलंय. प्रेसवर दाबून सरळ करून द्या. तुमच्या हातासारखा अंदाज मला न्हाई, म्हणून तर बोलावलं."

"तो सरळ करण्यात अर्थ नाही. जुना बसव."

"आन् नांदेडभर काय सांगू? गुलाम रसूलच्या पोरानं भंगारातला क्रँक घालून गाडी पळवली? अब्बाचं नाव हाय या दुकानाला."

"मोडला तर फ्लायव्हील तुझ्या पायांवर येईल."

"तुम्ही वर्गातबी असंच भेव घालत होते, सर. तुमच्या हरेक मशीनपाशी कुणाचा तरी हात तुटलेलाच असायचा."

आता विरूपाक्षही हसला. "दाबा हो. मी जबाबदार."

मी चष्मा पुसला. नव्या क्रँकची दोन्ही टोके आधारांवर ठेवली, मधला भाग प्रेसखाली आणला, गेज लावले आणि जाड बारदान दुहेरी करून वर टाकले. विरूपाक्षला खांबाआड उभे राहायला सांगितले. तो कुरकुरत गेला. मग मी प्रेसची दांडी ओढली.

चांगला क्रँक प्रेसखाली वाकतो. दाब काढला की बराचसा परत येतो, आणि त्या परतीचा हिशेब ठेवून त्याला सरळ करतात. इथे काटा जेमतेम हलला. मी आणखी दाब दिला. बंदुकीसारखा आवाज झाला आणि बारदान उसळले.

क्रँकचे दोन तुकडे झाले होते. मोडलेली बाजू खडीसाखरेसारखी दाणेदार आणि कोरडी होती. मोडण्याआधी धातू ताणला गेल्याची खूण कुठेही नव्हती.

"मुद्दाम मोडलात!" विरूपाक्ष खांबाआडून बाहेर आला.

"तुमच्या जबाबदारीवर."

"नांदेडात तुमच्या नावाची पाटीच लावतो. येथे क्रँक मोडून मिळतील!" त्याने प्रमाणपत्राचा चोळामोळा केला. "कलीम, रविवारी गाडी रस्त्यावर पाहिजे. कशी, ते तू आणि तुझे गुरुजी बघा." तो निघून गेला.

कलीम तुकड्यांकडे पाहत उभा होता. "बारदान कशाला टाकलं?"

"तुकडे उडतात."

"म्हंजे मोडणार, हे तुम्हाला ठाव होतं."

"हो."

"मग मला का न्हाई सांगितलं?"

"सांगितले. दोघांनाही सांगितले."

"सांगितलं, आम्ही ऐकलं न्हाई, म्हणून तुम्ही मालच मोडून टाकला. पाय माझे होते, सर. कशात घालायचे ते मी ठरवणार होतो. तुम्ही न्हाई."

त्याचे म्हणणे मला पटले नाही. आजही पटत नाही. मी प्रेसवरून दोन्ही तुकडे उतरवून ठेवले.

त्याने जुना क्रँक उचलून ग्राइंडिंग मशीनवर चढवला आणि मागे न वळता विचारले, "कोपऱ्याची गोलाई किती ठेवू?"

"तीन मिलिमीटर. त्याहून कमी नको. भेग टोकदार कोपऱ्यातून सुरू होते."

"आन् फ्लायव्हीलला?"

"भोवती जाड पोलादी पट्टीचे कडे. नुसते वेल्डिंग नको, बोल्टही हवेत."

"बास. आता निघा. आन् रविवारी तिकडं फिरकू नका. तुम्ही दिसलात तर मी गाडीत बसणार न्हाई."

"येणार नाही," मी म्हणालो. मग भिंतीवरच्या फळ्यावर ते कडे मापांसह काढले, बोल्टच्या जागी ठिपके दिले आणि बाहेर पडलो.