सुतकातली पानं

सुतकाचा सातवा दिवस होता. हळद नाही, तेल नाही, मासळी नाही. उकडलेला भात मिठाशी गिळून हारामणी आज पहाऱ्याच्या पाळीला वेशीवरच्या बांबूच्या फाटकाशी येऊन बसली होती. नवऱ्याच्या चुलतभावाची बायको पलीकडच्या गावात नव्वदीची होऊन वारली आणि जाता जाता साऱ्या कुळाला दहा दिवस बरजाबाहेर, पानवेलींच्या मांडवाबाहेर, काढून गेली.

"जिवंत होती तोवर म्हातारीनं एक पान खुडलं नाही," हारामणी शेजारच्या बायकांना म्हणाली, "आणि मेल्यावर आमची खुडणी बंद पाडली."

बरजाला सुतक चालत नाही. वरून छत, चारी बाजूंनी ताट्या, आत ओलसर अंधार आणि पानवेलींच्या रांगा. अंघोळ केल्याशिवाय, चप्पल बाहेर काढल्याशिवाय तिथं कोणी पाय ठेवत नाही. सुतकातला पाय पडला तर वेल मुळापासून काळी पडते, हे हारामणीला सासूनं सांगितलं होतं आणि तिनं ते मुलाला, बिंबाधरला, भरवता भरवता सांगितलं होतं. म्हणून बालिसाही गावाची रीत अशी, की एका घरात सुतक आलं की कुळाबाहेरच्या शेजाऱ्यानं त्याच्या वेलींना पाणी घालायचं, पानं खुडून टोपली झाकून दाराशी ठेवायची, तिथून ती बेपारी उचलायचा. हारामणीचं बरज या दहा दिवसांसाठी धरणीधर जेनाच्या हवाली होतं.

पहाऱ्याला मात्र सुतक नव्हतं. पोलादाच्या कारखान्याला गावाची जमीन हवी झाल्याला दोन वर्षं झाली होती. नदीपलीकडच्या शाळेत आता पोलीस राहत होते. वारा तिकडून आला की त्यांच्या शिट्ट्या ऐकू येत आणि फाटकाशी बसलेल्या बायकांचे हात असतील तिथंच थांबत. बांधालगतच्या अकरा बरजांचे मालक कारखान्याचे पैसे घेऊन निघून गेले होते, तिथं आता नुसती भोकं उरली होती वाळूत. बारावं हारामणीचं. ते पडलं की मागची सगळी उघडी पडणार, हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं.

सकाळच्या उन्हात पानबेपारी कुलमणी सायकल ढकलत आला. मागे गावातल्या पानांच्या तीन टोपल्या.

"फडकं काढ," हारामणी म्हणाली.

"काकी, रोज तोच मी, रोज त्याच टोपल्या. माझ्यात काय पोलीस दडून बसलाय?"

"तुझ्या पोटात दोन मावतील. फडकं काढ."

कुलमणीनं हसत ओलं फडकं उचललं. पहिली टोपली बरी होती, दुसरीही. तिसऱ्या टोपलीत हात घातला आणि हारामणीच्या बोटांना कोवळं लागलं. पोपटी, बाळाच्या कानाएवढी पानं, आणि त्यांच्या देठाला तांबूस झाक. त्या झाकेची वेल साऱ्या गावात एकाच बरजात होती. नवऱ्यानं तिची कांडी लग्नाच्या वर्षी ओल्या गोणपाटात गुंडाळून आणली होती.

पान खुडायचं ते खालून. शेंड्याला कोणी हात लावत नाही, कारण शेंडा गेला की वेलीची वाढ संपली. त्या अकरा जणांनी मात्र जाण्याआधी शेंडे खुडले होते. ज्याला परत यायचं नसतं तोच शेंडा घेतो.

"ही कुठून उचललीस?"

"तुमच्याच दारातून. चार दिवस अशीच येतायत. मला वाटलं तुम्हाला ठाऊक असेल."

हारामणीनं फडक्यानं टोपली परत झाकली. शेजारणी बघत होत्या. त्यांना कळलं असतं तर दुपारपर्यंत गावात हाणामारी झाली असती.

"जा," ती म्हणाली. "ऊन चढतंय. पानं मरतील."

धरणीधर अंगणात बांबू चिरत बसला होता. हारामणी ओसरीपाशी दूरच थांबली, सुतकामुळे. जीभ मात्र शाबूत होती.

"किती दिले रे त्यांनी? का नुसत्या चहावर विकलंस मला?"

धरणीधरनं कोयता खाली ठेवला. "वहिनी, काय बोलताय?"

"माझ्या वेलींचे शेंडे कोणी तोडले?"

तो उठून उभा राहिला. त्याचा चेहरा आधी रागानं आणि मग दुसऱ्याच कशानं तरी बदलला. "मी पहिल्या तीन दिवसांनंतर आत गेलोच नाही. बिंबा म्हणाला, काका, तुम्हाला ताण नको, मी दुसरा माणूस लावलाय. मला वाटलं तुम्हीच सांगितलंत. तरी एकदा बरजाच्या दारापर्यंत जाऊन आलो. दोराला गाठ तुमच्या घरचीच होती, ती उलट्या फासाची. म्हटलं, घरचंच कोणीतरी बघतंय."

उलट्या फासाची गाठ हारामणीनं आयुष्यात एकाच माणसाला शिकवली होती. तो तेव्हा सात वर्षांचा होता आणि त्याला चपलेचा पट्टासुद्धा बांधता येत नव्हता.

"वहिनी, बसा जरा."

"मला बसवू नकोस."

"ऐकलंय की आज दुपारी मोजणीवाले बांधाकडून येणार. फाटकाकडून नाही." धरणीधरचा आवाज उतरला. "कागदावर नाव बिंबाचंच आहे ना?"

होतं. नवरा गेल्यावर तिनंच अंगठा उठवून ते त्याच्या नावावर केलं होतं. बिंबाधरवर जमिनीच्या लढ्यापायी पोलिसांनी चार कलमं लावली होती. दोन वर्षं तो गावाबाहेर पडला नव्हता. दाढदुखीनं रात्रभर भिंतीला डोकं घासायचा, पण दवाखान्यात जायची छाती नव्हती. परवा परवा तो जेवताना आईला म्हणाला होता, "बोऊ, मला नुसतं एकदा बाजारात फिरून यायचंय." ती म्हणाली होती, "बांगड्या भरून ये, कोणी ओळखणार नाही." तो हसला नव्हता.

तळ्यात तिनं तीन बुड्या मारल्या. सुतक बुड्यांनी फिटत नाही, हे तिला कळत होतं. ओलं लुगडं पायांना चिकटत होतं. बरजाच्या दाराशी तिचे पाय थांबले. सासू मेलेली होती, नवरा मेला होता, तरी दोघं मागून बघताहेत असं वाटलं. अजून तीन दिवस थांबलं असतं तर शुद्ध होऊन आत जाता आलं असतं. आणि तोवर आत जायला काही उरलं नसतं.

तिनं गाठ सोडली. आत शिरली, आणि दोर ओढून घेऊन आतून तीच गाठ मारली.

रांगाच्या रांगा बोडक्या उभ्या होत्या. शेंडा गेला तरी वेल गाठीगाठीतून फुटते, पण ती मातीत असली तर. मग वरचं छत पाडलं तरी. हारामणीनं पहिली वेल काठीवरून सोडवली, वेटोळं करून मुळाशी ठेवली आणि हातानं माती ओढली. दुसरी. तिसरी. घाईत एक वेल मोडली. तिची तिनं माफी मागितली आणि तिलाही पुरलं.

दुसरी रांग संपत आली तेव्हा बुटांचा आवाज आला. पाच-सहा जण असावेत. मोजणीची फीत सर्रकन ओढल्याचा आवाज. हारामणी मातीत बसली तशीच थिजली.

"आत कोणी आहे का? मागच्या गावात एक बाई आत निघाली, फार तमाशा झाला," कोणीतरी विचारलं.

"कोणी नाही साहेब." हा बिंबाधर. "घरात सुतक आहे. दहा दिवस माझी आई इकडे पाय ठेवणार नाही. म्हणून तर हे दिवस धरले."

त्यानं तिची श्रद्धा मोजून दिली होती, पायरीसारखी, दुसऱ्याला चढायला.

दोराला बोटं लागली. एकदा ओढलं, पुन्हा ओढलं. मग बोटं गाठीवरून फिरली आणि थांबली.

"काय झालं? तोड की."

"बोऊ?" ताटीला तोंड लावून, अगदी हळू.

हारामणीला बोलायचं नव्हतं. भीतीनं दात वाजत होते, ते त्याला ऐकू जाऊ नयेत म्हणून तिनं पदर तोंडात धरला होता. तो काढला.

"पायातलं काढून ये," ती म्हणाली. "एकटा ये."

"कोण आहे रे आत?" साहेबाचा आवाज चढला.

हारामणीनं आणखी एक वेल पुरली, कारण हातांना दुसरं काही सुचत नव्हतं.

"माझी आई आहे साहेब."

"मग जमिनीच्या कागदावर सही केलीस ती?"

"आई आत आहे, साहेब. मी दोर कापणार नाही."

कोणीतरी शिवी दिली. फीत गुंडाळली गेली. "सोमवारी महिला पोलीस घेऊन येऊ," साहेब म्हणाला, "तेव्हा तुझ्या आईला उचलूनच काढतील. आणि तुझी कलमं काही मिटत नाहीत आता, समजलं?" बूट बांधाकडे निघाले. सोमवारला चार दिवस होते. पुरायच्या अडतीस रांगा होत्या.

दाराबाहेर कोणीतरी अजून उभं होतं, श्वास ऐकू येत होता. मग वाळूवर एक चप्पल काढल्याचा आवाज आला. मातीतले हात तसेच ठेवून हारामणी दुसरीची वाट बघत राहिली.