बरं

वकीलबाईंनी संगणकाचा पडदा त्या दोघांकडे वळवला आणि पेनाचं टोक एका शब्दाखाली टेकवलं.

"हे तुम्हीच लिहिलंत ना, ताई?"

तिने चष्मा सारखा केला आणि पुढे वाकून पाहिलं. वर ऑनलाइन दुकानाचा लांबलचक निरोप होता, सोबत जोडलेल्या अटींचं चित्र होतं आणि त्याखाली तिचं उत्तर. उत्तरात एकच शब्द होता.

"मीच," ती म्हणाली. "पण ते नुसतं बरं आहे."

"नुसतं बरं म्हणजे?"

ती विचारात पडली. इतक्या वर्षांत हे तिला कुणी विचारलंच नव्हतं. तिने नवऱ्याकडे पाहिलं आणि नवऱ्याने मांडीवरच्या जाडजूड फाइलकडे.

औषधांच्या गोदामात नोंदी ठेवण्यात त्याची नोकरीची सगळी वर्षं गेली होती. ती हाताने केलेली चिनीमातीची भांडी या ऑनलाइन दुकानातून विकायला लागली, तेव्हा दप्तर त्याने आपण होऊन अंगावर घेतलं. प्रत्येक पावती, बांधलेल्या प्रत्येक खोक्याचा फोटो, दुकानाशी झालेलं एकूण एक बोलणं. फोनमध्ये एक प्रत, संगणकावर दुसरी, आणि मनाचं समाधान म्हणून कागदावर तिसरी. उद्या कुणी उलटलं तर आपण मोकळ्या हाताने उभं राहायचं नाही, असं तो म्हणायचा. आता दुकान खरोखर उलटलं होतं. त्याच्याकडे सगळं होतं, आणि घोडं नेमकं तिथेच अडलं होतं.

"निरोपात स्वच्छ लिहिलंय," वकीलबाई म्हणाल्या. "इथे विकलेल्या वस्तूंचे आकार आणि नमुने यापुढे दुकानाच्या मालकीचे. मान्य असल्यास कळवा. त्यावर तुम्ही बरं म्हणालात."

"हात मातीत होते माझे. करंगळीने लिहिलं मी ते. निरोप मिळाला, एवढंच सांगायचं होतं."

"अटी वाचल्या होत्या?"

"संध्याकाळी वाचू म्हटलं."

संध्याकाळी भट्टी लावायची होती. दुसऱ्या दिवशी ती उघडायची होती. मग राहूनच गेलं.

टेबलावर नमुना म्हणून तिने आणलेली किटली होती. पांढरी, बसक्या अंगाची. किटलीचा धरायचा कान सरळ बसवलेला नव्हता, थोडा कलता होता. पाहणाऱ्याला आधी वाटायचं की हात चुकला असावा. पण उचलली की कळायचं: मनगट न वळवता चहा ओतता येतो. बोटं आखडलेल्या माणसाला घरात आपला चहा आपल्या हाताने ओतता यावा, म्हणून तिने तो कान तसा कलवला होता. लोकांनी हीच किटली सगळ्यात जास्त मागवली. मग दुकानाने ती कारखान्यात करून घेतली, तोच कान, तोच कल, आणि तिची स्वतःची किटली नक्कल ठरवून यादीवरून काढून टाकायला लावली. आता तिने ती कुठेच विकायची नाही, घडवायचीही नाही, अशी नोटीस आली होती.

"आणि साचे ताब्यात द्या म्हणतायत," वकीलबाईंनी नोटिशीचं पान उलटलं.

"साचा नाहीये. मी चाकावर करते."

"मग काय द्यायचं त्यांना?" नवऱ्याने सरळ मनाने विचारलं.

कुणीच हसलं नाही. तिने हात टेबलाखाली घेतले.

वकीलबाईंनी थोडा वेळ पेनाशी चाळा केला. "हल्ली सही लागतेच असं नाही. होकार लिहिलेला दिसला की पुरतं. एकच वाट दिसते मला, तीही अरुंद आहे. तुमचं बरं म्हणजे होकार नसतो, हे दाखवायचं. जुने निरोप काढा. तुम्ही बरं म्हणालात, पण ती गोष्ट तुम्हाला मान्य नव्हती, असं एखादं सापडतंय का बघा. आहे ना तुमच्याकडे सगळं?"

"सगळं आहे," नवरा म्हणाला. दप्तराचा शेवटी काहीतरी उपयोग होणार म्हणून त्याचा आवाज चढला होता.

रविवारी जेवणं झाल्यावर तो तिचा फोन घेऊन बसला. शोधायच्या चौकटीत त्याने तो शब्द टाकला आणि उत्तरांची रीघच लागली. बोट वर सरकवावं तितकी ती मागे मागे जात होती.

दुकान म्हणत होतं, पिवळा रंग नको, पांढराच द्या. बरं. पुढच्या खोक्यात पांढरी भांडी गेली होती, फोटो होता. दुकान म्हणत होतं, फुटलेल्या मालाची भरपाई तुमच्याकडून. बरं. तीही तिने निमूट सोसली होती. बहीण म्हणत होती, आईचे दागिने मी ठेवते, तुला तशी हौस नाही. बरं. पलीकडची बाई म्हणत होती, तुमच्या भट्टीचा वास येतो, दुपारी लावू नका. बरं. तेव्हापासून ती भट्टी पहाटे लावत होती.

तो चिकाटीने बघत राहिला. एखादं तरी बरं असं हवं होतं, ज्यानंतर तिने तोंड फिरवलं असेल, हट्ट धरला असेल, निदान विसरल्याचं सोंग केलं असेल. तसं एकही नव्हतं. प्रत्येक बरंनंतर समोरच्याच्या मनासारखं झालं होतं. दुकानाच्या वकिलाच्या हाती हे पडलं असतं तर त्याने आनंदाने छापून घेतलं असतं.

धंद्याचं संपलं, नात्यातलं संपलं, आणि मग त्याचं स्वतःचं नाव आलं.

आज थांबू नकोस जेवायला. बरं. तुझ्या प्रदर्शनाच्या दिवशी मला रजा नाही मिळणार. बरं. तो भरभर पुढे जाऊ लागला. आणि एका जागी बोट थांबलं.

आईला कायमचं इकडे आणतोय. तिला चाकाची खोली लागेल. गुरुवारी माणसं येतील चाक हलवायला.

बरं.

ती माणसं आली तेव्हा तो घरी नव्हता. त्या गुरुवारी तो नेहमीपेक्षा लवकर बाहेर पडला होता. गोदामाची दारं उघडायचीच होती अजून, बाहेर उभं राहून त्याने वेळ काढला होता. संध्याकाळी आला तेव्हा चाक स्वयंपाकघरामागच्या बोळात, कपडे धुण्याच्या मशीनशेजारी बसवलेलं होतं आणि ती चाकापुढे बसून माती मळत होती. बोळात ऊन येत नव्हतं. हिवाळ्यात पाणी इतकं गार पडायचं की तिची बोटं निळसर व्हायची. सासू खोलीत आली, तिची आखडलेली बोटं सुनेने रोज पाहिली, त्यातूनच ती किटली झाली. पुढे सासू गेली. त्या खोलीत मग त्याचं टेबल आलं, संगणक आला, फाइलींचं कपाट आलं. त्याबद्दल निरोपसुद्धा पाठवलेला नव्हता.

तो फोन घेऊन बोळात गेला. चाक बंद होतं. ती ओल्या फडक्याने कडा पुसत होती.

"हे एक बघ."

तिने हात न लावता वाचलं.

"हे चालेल," ती म्हणाली. "हे हो नव्हतं."

"मग बोलली का नाहीस तेव्हा?"

"बोलले की. बरं म्हटलं."

"अगं, त्यावरून काय कळायचं समोरच्याला?"

तिने फडकं पिळलं, झटकलं, दांडीवर टाकलं.

"दुकानाला नाही कळलं, ते मी समजू शकते," ती म्हणाली. "दुकान कुठे माझ्याबरोबर राहतं."

त्याने त्या निरोपाचा फोटो काढला, फाइलला लावला आणि वर तारीख घातली.

वकीलबाईंनी तो कागद वाचला आणि पहिल्यांदाच खुर्चीत सावरून बसल्या.

"खोली ताईंच्या कामाची होती?"

"हो," नवरा म्हणाला.

"मग चाक हलवलं?"

"हलवलं."

"म्हणजे त्यांनी मान्य केलं, असं समोरचा म्हणेल."

"मान्य नव्हतं मला," ती शांतपणे म्हणाली.

"तुमचं म्हणणं पुरणार नाही, ताई. तुमच्याच फायद्याचं आहे ते. ज्यांना निरोप गेला त्यांनी सांगितलं तर गोष्ट वेगळी." वकीलबाई नवऱ्याकडे वळल्या. "तुमचं प्रतिज्ञापत्र करावं लागेल. आता मी विचारते त्याचं खरं उत्तर द्या, कारण ते शपथेवर जाणार आहे. तुम्हाला हा होकार वाटला होता का? तसं असेल तर हा कागद परत न्या. नवऱ्याला होकार वाटला, तर दुकानाला का वाटू नये? पण तेव्हाच तुम्हाला माहीत असेल की यांना हे मान्य नाही, तर तेवढं एक वाक्य आपल्या कामाचं आहे."

पंखा फिरत होता. टेबलावरचे कागद दर फेरीला जरा उचलत आणि परत बसत. ती किटलीच्या कानावरून अंगठा फिरवत होती, वरून खाली, जिथे कल सुरू होतो तिथपर्यंत. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. पण अंगठा थांबला.

"माहीत होतं," तो म्हणाला.

"नीट सांगा."

"तिला मान्य नाही, हे मला माहीत होतं."

वकीलबाई संगणकावर लिहू लागल्या. प्रिंटरमधून कागद बाहेर आला, तो वाचून दाखवला गेला, आणि त्याने सांगितलं तिथे सही केली.

"हे लावते मी," वकीलबाई म्हणाल्या. "पण भरवसा ठेवू नका. ते म्हणणार, घरातलं बोलणं वेगळं आणि धंद्यातलं वेगळं. बहुतेक त्यांचंच ऐकलं जाईल. निकाल लागेपर्यंत किटली करायची नाही, ताई. एकसुद्धा नाही."

"घरात वापरायलासुद्धा?"

"तुमच्याकडे आहे ती राहू द्या. नवी नको."

तिने किटली फडक्यात गुंडाळली आणि पिशवीत ठेवली. उठताना तिने वकीलबाईंना नमस्कार केला.

बाहेरचा बोळ लांब होता. दोन्हीकडे बंद दारं, दारांवर वकिलांच्या पाट्या. दोघं लिफ्टपाशी येऊन उभी राहिली. त्याने घसा खाकरला. फाइल एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतली.

"ते आत मी केससाठी म्हटलं," तो म्हणाला. "तसं लिहिणं गरजेचं होतं ना. मला तेव्हा खरंच वाटलं होतं, तुला चालेल म्हणून."

ती लिफ्टच्या दाराकडे बघत होती. दार पत्र्याचं होतं, त्यात दोघं अंधूक दिसत होती.

"बरं," ती म्हणाली.

त्याने पिशवी घ्यायला हात पुढे केला. तिने ती पलीकडच्या हातात घेतली आणि लिफ्टचं बटण दाबलं.