नंदाबाई कशा पास झाल्या

परतूरला बेबीनंदा मॅडमच्या आणि जमनाबाईंच्या घराला मधली भिंत एकच. अलीकडे मॅडम, पौर्णिमेला पांढरं लुगडं नेसून विहारात जाणाऱ्या. पलीकडे कापसाच्या व्यापारातलं मारवाडी कुटुंब. भिंत एक असल्यामुळे दोघींना एकमेकींच्या फोडणीचा वास तर यायचाच, पण कुणाचा कुठला उपास चाललाय हेही न सांगता कळायचं.

‘चांदवेळ’ जन्माला आली ती या भिंतीवरूनच. कितीतरी वर्षांपूर्वीची संकष्टी. जमनाबाई गच्चीवर पूजेचं ताट घेऊन बसलेल्या. समोर लिंबाच्या शेंड्यावर चांगला भाकरीएवढा चंद्र आलेला, आणि या मात्र हातातल्या घड्याळाकडे बघत बसलेल्या. मॅडम आपल्या गच्चीवर वाळवण उचलायला आल्या होत्या. चंद्र तर दिसून राह्यलाय, मग बसलात कशाला, असं त्यांनी विचारलं. जमनाबाई म्हणाल्या, “कॅलेंडरात अजून निघाला न्हाई.”

मॅडम गणिताच्या. त्यांना राहवेना. कॅलेंडरात छापलेली वेळ मुंबईची असते, आपण मुंबईच्या पूर्वेला, आपल्याकडे चंद्र बारा-तेरा मिनिटं आधी येतो, हे त्यांनी भिंतीवर खडूनं गोल काढून समजावलं. जमनाबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “मंग बेबीबाई, आपल्या परतूरची वेळ काढून द्या. मुंबईच्या चंद्रावर आम्ही कशापायी उपाशी बसायचं?”

“देते,” मॅडम म्हणाल्या. “उपास तुमचा, गणित माझं.”

तेव्हा शाळेत नवा कॉम्प्युटर आलेला होता. त्याला मुलींनी भरतकाम केलेलं झाकण होतं, शुक्रवारी त्याची धूळ पुसली जायची आणि खोलीची किल्ली हेडमास्तरांच्या खिशात असायची. ती किल्ली मॅडमनी कशी मिळवली ही वेगळीच गोष्ट आहे. पण मिळवली. पुढे त्यांचाच विद्यार्थी राजानंद इंजिनियर झाला आणि दिवाळीच्या सुट्टीत येऊन त्यानं बाईंना पायथन ही कॉम्प्युटरची भाषा शिकवली. निवृत्त झाल्यावर इतर बायका जशा नातवंडांत रमतात तशा मॅडम त्यात रमल्या. कुठल्याही गावाचा चंद्रोदय आणि तिथी काढून देणारी एक लायब्ररी त्यांनी लिहिली. पुस्तकांची लायब्ररी नव्हे. दुसऱ्यांनी आपल्या प्रोग्रॅममध्ये उचलून वापरावं असं तयार गणित. ‘चांदवेळ’ तिचं नाव. कुणीही वापरावी, कुणीही सुधारावी, म्हणून इंटरनेटवर मोकळी ठेवली. राजानंदनं तिच्यावर मोबाइलचं ॲप केलं, आणि बघता बघता ते जालना जिल्ह्यात घरोघर गेलं.

मग तक्रारी येऊ लागल्या. मॅडमना त्या मनापासून आवडायच्या. राजूरला गणपतीच्या देवळापाशी दुर्वा विकणाऱ्या चांगुणाबाईंचा फोन यायचा. राधेश्याम नावाचा एक जण परतूरचाच, पण मुलापाशी कॅनडाला गेलेला; तो म्हणायचा की इथं चंद्र दिवसाढवळ्या उगवतो असं तुमचं ॲप सांगून राह्यलं. मॅडम चूक दुरुस्त करायच्या, आणि ती पुन्हा होऊ नये म्हणून एक टेस्ट लिहायच्या. टेस्ट म्हणजे उत्तर आधीच ठाऊक असलेला प्रश्न. अमुक गाव, अमुक तारीख, चंद्र किती वाजता? कोडमध्ये काहीही बदल केला की सगळे प्रश्न पुन्हा विचारायचे. एखादं उत्तर चुकलं तर समजायचं, कुठंतरी बिघडलं. प्रत्येक टेस्टला त्या नाव द्यायच्या तक्रार करणाऱ्या माणसाचं. ‘टेस्ट चांगुणाबाई’. ‘टेस्ट राधेश्याम’. नावं देवनागरीतच. चालायचं ते, म्हणून कुणी हरकत घेतली नव्हती.

यंदा हरकत घेतली ती जमनाबाईंच्या नातीनं. रुचि पुण्याला मोठ्या कंपनीत होती, आता घरून काम करायची मुभा मिळाली म्हणून परतूरला आलेली. लहानपणी मॅडमकडे गणित शिकलेली, त्यामुळे जीभ जपून चालवायची, पण एक दिवस तिनं सरळ सांगितलं. या टेस्ट ज्या फ्रेमवर्कवर चालतात, म्हणजे ही परीक्षा घेणारी जी यंत्रणा आहे, ती तिच्या कर्त्यांनीच सोडून दिलीय. नव्या पायथनवर ती चालतच नाही. परीक्षा नाही तर नवी आवृत्ती काढता येत नाही, आणि अंगारकीला राजूरची गर्दी व्हायच्या आत ती हवी म्हणून राजानंद रोज निरोप धाडतोय. सगळं पायटेस्ट नावाच्या दुसऱ्या यंत्रणेवर न्यायला हवं.

मॅडमनी मान डोलावली. परीक्षेचं बोर्ड बदलतं तसं फ्रेमवर्क बदलायचं, त्यात काय एवढं.

पण रुचिनं लॅपटॉप उघडून पुढचं दाखवलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. सगळ्या टेस्ट एकाच साच्याच्या आहेत, मग प्रत्येकीचं वेगळं फंक्शन, म्हणजे कोडचा वेगळा तुकडा, कशाला, असं रुचिचं म्हणणं. एक तक्ता करू. गाव, तारीख, उत्तर. एकच फंक्शन तक्त्यातली एकेक ओळ घेऊन तपासत जाईल. शेकडो ओळींचं काम थोडक्यात होईल.

“आणि नावं?” मॅडमनी विचारलं.

“नावं लागत नाहीत ना, मॅडम. कॉम्प्युटरला काय, नंबर पुरतो.”

मॅडम उठल्या. चहा न घेता घरी आल्या आणि दुपारभर तांदूळ निवडत बसल्या. रुचिचं बरोबर होतं, हेच तर दुखत होतं. पण त्या फाइलीत कोण नव्हतं? हेडमास्तर होते, जे किल्ली देताना कुरकुरले आणि पुढे स्वतःच दर चतुर्थीला वेळ विचारायला लागले. आता नाहीत ते. विहारातले शिवाजीराव होते, पौर्णिमा एक दिवस इकडची तिकडे झाली तर घरी येऊन भांडणारे. ही माणसं एकेक करून फोटोत गेली, पण ‘चांदवेळ’ तपासायला रोज हजर असायची. त्यांना नंबर कसे द्यायचे?

दुसऱ्या दिवशी त्यांनी रुचिला कळवलं की राहू दे, मी बघते काय करायचं ते. सत्तरी ओलांडलेली बाई एकटी काय बघणार, हे दोन्ही घरांना कळत होतं.

शेवटी जमनाबाईच भिंतीपाशी आल्या. त्यांना पायटेस्ट कशाशी खातात ते माहीत नव्हतं, पण पोरगी रुसलीय आणि शेजारीण फुगलीय एवढं बिलकुल बराबर कळलं होतं. “बेबीबाई, तक्ता म्हंजी रकानेच ना? मंग एक रकाना वाढवला तर काय बिघडलं? माझ्या सासऱ्यांनी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाचं नाव आधी ईचारलं, मंग माल.”

मॅडम आत गेल्या, चपला घातल्या आणि रुचिपुढं जाऊन बसल्या. पहिला रकाना नावाचा, मग तुझं सगळं कबूल, असं त्यांनी सांगितलं. रुचि हसली. म्हणाली, पायटेस्टमध्ये प्रत्येक ओळीला नाव देता येतं, तुम्ही विचारलंच नाही.

त्यानंतर काम असं चाललं की, दुपारी जमनाबाईंच्या ओसरीवर बसायचं, रुचिनं जुन्या फाइलीतलं नाव वाचायचं आणि तक्त्यात चढवायचं. पण नाव वाचलं की मॅडमना माणूस आठवायचा, आणि माणूस आठवला की त्याची सोयरीक, त्याची सायकल, त्यानं शाळेत खाल्लेला मार. एका ओळीला एक चहा लागायला लागला. रुचिनं आधी घड्याळ पाहिलं. मग ते सोडून दिलं आणि “हे कोण?” असं स्वतःच विचारू लागली.

तक्ता पुरा झाला. रुचिनं पायटेस्ट चालवलं आणि पडद्यावर नावांच्या जागी तिरप्या रेघा, इंग्रजी यू आणि आकड्यांची रांगच रांग उमटली. मॅडम चष्मा पुसून बघतात तरी तेच. चांगुणाबाईंचा कैद्याचा नंबर झालेला. रुचिनं शोधाशोध केली. ओळींची नावं इंग्रजी नसली की पायटेस्ट ती अशी मोडून दाखवतं, आणि जशीच्या तशी दाखवायची एक सोय आहे, पण त्या सोयीचं नावच भलंमोठं आहे. तिनं त्याचा अर्थ सांगितला: नावं मोडू नका, आणि समाजाकडून मदत मिळण्याचे सगळे हक्क मी सोडून देत आहे.

“असं लिहून द्यावं लागतं?”

“गमतीनं ठेवलंय हो नाव. पण लिहावं तेवढंच लागतं.”

“लिही मग,” मॅडम म्हणाल्या. “आपला समाज इथं ओसरीवर बसलाय.” समाज तेव्हा शेंगा सोलत होता.

पुन्हा चालवलं. नावं सरसर उतरू लागली, प्रत्येकापुढे हिरव्या अक्षरात पास. मॅडम एकेक नाव मोठ्यानं वाचत होत्या, जशी हजेरीच. आणि मध्येच एक लाल ओळ आली. ‘नंदाबाई०’ फेल.

रुचिनं ती ओळ उघडली. केदारखेडा, एक जुनी तारीख, संकष्टी कधी. तिच्या लगेच ध्यानात आलं. चंद्र उगवताना चतुर्थी असेल तो दिवस संकष्टीचा, एवढं ती आता शिकली होती. आणि या ओळीत उत्तर म्हणून जो दिवस लिहिलाय त्या दिवशी चंद्र उगवताना पंचमी होती. म्हणजे उत्तरच चुकीचं टाकलंय. बदलून टाकू, सगळं हिरवं होईल. बोट बटणावर गेलंही. पण नावापुढचं ते शून्य तिला खटकलं. आपण तर दिलं नाही. तिनं खाली पाहिलं, तर कितीतरी दिवसांनी चढवलेली ‘नंदाबाई१’ पण होती, ती पास.

“मॅडम, नंदाबाई दोन आहेत का?”

“दोन म्हणजे? एक आपल्या शाळेत खिचडी करायची ती. आणि एक केदारखेड्याची.” आणि मॅडम बोलता बोलता थांबल्या.

मग रुचिला उलगडलं. एका फाइलीत एकाच नावाची दोन फंक्शन्स लिहिली की दुसरं पहिल्याला झाकून टाकतं, आणि पायथन त्याबद्दल चकार शब्द काढत नाही. खिचडीच्या नंदाबाईंची टेस्ट लिहिली गेली त्या दिवसापासून केदारखेड्याच्या नंदाबाईंना परीक्षेला बसवलंच नव्हतं. आता तक्त्यात दोघी आल्या, तेव्हा पायटेस्टनं त्यांना आपणहून आकडे लावले.

मॅडमना तो फोन लख्ख आठवला. मॅडम, या महिन्यात गणपतीनं सुट्टी टाकली का, असं विचारलं होतं नंदाबाईंनी. त्या महिन्यात चंद्र उगवून गेल्यावर चतुर्थी लागली आणि दुसऱ्या दिवशीचा चंद्र यायच्या आत संपली. ‘चांदवेळे’ला कुठलाच दिवस सापडला नाही, तेव्हा तिनं सांगून टाकलं, संकष्टी नाही. अशा वेळी दुसरा दिवस धरतात हे चांगुणाबाईंनी राजूरच्या पुजाऱ्यांना विचारून कळवलं होतं. म्हणजे ओळीतलं उत्तर चुकलेलं नव्हतं. मॅडमनी तेव्हा ते गणितात बसवलं, पुढे कधीतरी सगळं नव्यानं लिहिताना ते सुटलं, आणि ओरडायला नंदाबाई जागेवर नव्हत्या.

रुचिनं बटणावरचं बोट काढून घेतलं. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

खात्री करायची म्हणून मॅडमनी केदारखेड्याला फोन लावला. सून मोनालीनं उचलून सासूला शेतातून हाक मारली. नंदाबाई आल्या, ख्यालीखुशाली झाली, आणि मॅडमनी विचारलं की पुन्हा कधी ॲपनं संकष्टी खाल्ली होती का. खाल्ली होती की, नंदाबाई म्हणाल्या, मागच्या साली. मोनालीनं भिंतीवरचं कॅलेंडर बघून सांगितलं म्हणून उपास तरी घडला.

“मग मला फोन का नाही केला?”

“एकदा सांगितल्तं ना तुम्हाला. मास्तरनीला एक गोष्ट दोनदा सांगायची का मंग?”

 मॅडमनी खरं काय ते सांगितलं: तुमच्या नावाची परीक्षा इतकी वर्षं घेतलीच नव्हती, आज घेतली, ती फेल झाली.

 नंदाबाई म्हणाल्या, “मी फेल? चूक तुमची अन् फेल मी? मॅडम, दुनियाभर दिसतं म्हनता ना ते? आधी ते काढा. मी चौथीतबी फेल न्हाई झाले, शाळाच सुटली माही.”

जमनाबाई शेंगांच्या परातीवर वाकून हसायला लागल्या. मॅडमनी शब्द दिला आणि फोन ठेवला. त्या संध्याकाळी स्वयंपाक जमनाबाईंच्या सुनेनं केला दोन्ही घरांचा. मॅडमनी कागदावर सूत्र मांडलं, रुचिनं ते कोडमध्ये घातलं, एकदा अडलं, दोघींनी एकमेकींची चूक काढली, आणि मग ओळ हिरवी झाली. आकडे काढून रुचिनं तिथं नीट लिहिलं: केदारखेड्याच्या नंदाबाई. परतूरच्या नंदाबाई. राजानंदला निरोप गेला की आवृत्ती तयार आहे.

सकाळी मॅडमनी पुन्हा फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. “नंदाबाई, पास झालात.”

“बरं झालं,” नंदाबाई म्हणाल्या. “मंग आता आनखी एक लिहून घ्या. तुमचं ॲप सांगतं तेव्हा आमच्याकडं चंद्र निघत न्हाई. शेजाऱ्यानं दोन मजले चढवले, त्याच्या मागून येतो. पाव घंटा जास्तीचा उपास पडून राह्यला मला.”

मॅडम रुचिकडे बघू लागल्या. हे काही गणितात बसणारं नव्हतं. पण पायटेस्टमध्ये अशीही सोय असते की, हे उत्तर जमणार नाही हे ठाऊक आहे, तरी ओळ ठेवा. रुचिनं तक्ता उघडला, तळाशी नवी ओळ घेतली, आणि गाव-तारीख विचारायच्या आधी फोनकडे वाकून म्हणाली, “नंदाबाई, त्या शेजाऱ्याचं नाव काय?”

“कल्याण.”

“गावात कल्याण एकच आहे ना?”