दुसऱ्या पातीची ओळ

सखाबाईने पहिली ओळ गायली आणि ती थांबली. शहापूरच्या मंगल कार्यालयात दोनशे माणसे श्वास रोखून बसली. पाच सेकंद गेले, सात गेले. तिच्या एकोडी गावात लग्नातही कोणी नेसत नाही अशी भडक नऊवारी टीव्ही वाहिनीने तिला नेसवली होती. दिव्यांच्या झोतात तिचे काठ निर्लज्जपणे चमकत होते.

ती वाट पाहत होती. भाताच्या रोवण्यात बाया दोन पातींत, दोन रांगांत वाकतात. पहिली पात ओळ उचलते, दुसरी ती झेलून जोड देते. बावीस वर्षे सखाबाईची ओळ कलाबाईने झेलली होती. आज कलाबाई तिसऱ्या रांगेत प्रेक्षक म्हणून बसली होती, कारण स्पर्धक एकच असावा असा नियम होता. तिचे ओठ हलले, तशी कार्यक्रमाच्या, कानात यंत्र घातलेल्या बाईने तोंडावर बोट ठेवून तिला दटावले.

"शब्द विसरलात ना, मावशी?" परीक्षकाने आवाज ओला केला. "होतं असं. सगळा महाराष्ट्र तुमच्या पाठीशी आहे."

टाळ्यांची पाटी वर झाली आणि टाळ्या पडल्या. वाद्यवृंदातल्या कीबोर्डवाल्याने एक बटण दाबून बासरी रडवली. अर्ध्या तासापूर्वी दातांनी टेम्पो ओढणाऱ्या माणसासाठीही हीच बासरी रडली होती.

"विसरली नाही जी मी," सखाबाई म्हणाली. "कलाबाईची वाट पाहून राहिली."

लोक हसले. हसण्याची पाटी मात्र कोणी दाखवली नव्हती.

दिग्दर्शक मंचावर आला आणि हलक्या आवाजात तिला तिचेच दुःख समजावू लागला. चिखलातली बाई, दिव्यांची भीती, हरवलेले शब्द, मग परीक्षकाचा आधार. एवढे जमले की मुंबईची फेरी पक्की. कॅमेऱ्याकडे पाहून फक्त 'घाबरले' म्हणायचे आणि दोन्ही ओळी स्वतःच गायच्या.

पडद्याआडून तिची लेक रंजू काकुळतीला आली. आई टीव्हीवर दिसणार, असे तिने अख्ख्या गावाला सांगून ठेवले होते.

"माय, म्हणून टाक न. एवढंसं तं हाय."

यंदा निम्म्या एकोडीच्या भाताच्या बांध्यांत रोवणीचे यंत्र उतरले होते. पातीच उरल्या नाहीत तर गाणे उभे कुठे राहणार? ते एकदा तरी जोडीसकट कुठे साठून राहावे, एवढ्यासाठी सखाबाई आली होती. या लोकांना ते अर्धेच हवे होते, आणि उरलेल्या अर्ध्याच्या जागी तिचे रडणे.

"कलाबाईले वर बोलवा," ती म्हणाली. "मंग गातो आमी."

दिग्दर्शकाने हात जोडले. नियम मोडता येत नाही, हे सांगताना तो हसला. मुलांना समजावताना हसतात तसा. मग त्याने परीक्षकाला खूण केली. कॅमेऱ्यावरचा लाल दिवा लागला, बासरी पुन्हा सुरू झाली.

"सांगा मावशी. घाबरलात ना?"

सखाबाईने परीक्षकाच्या चेहऱ्याकडे नीट पाहिले. पावडरखाली तिथे काहीच नव्हते. पाणी उतरलेल्या बोडीच्या तळासारखे कोरडे, भेगाळलेले सौजन्य. तिने पदरावरचा माईक काढला, त्याच्या टेबलावर ठेवला आणि ती पायऱ्या उतरली. तिसऱ्या रांगेपाशी येऊन तिने हात पुढे केला. कलाबाई उठली.

"मावशी, घाबरलात ना?" परीक्षकाने पुन्हा विचारले.

दोघी महामार्गाच्या उन्हात निघून गेल्या होत्या. लाल दिवा अजून जळत होता.