सावरीची मेढ

शेणव्याजवळच्या माळावर जुन्या पद्धतीच्या आदिवासी घरांचं संग्रहालय उभं राहिलं, तेव्हापासून भिमीला ते बघायचं होतं. तिची सून मीना तिथं सारवणाला जायची. शनिवारी ती सासूला सोबत घेऊन गेली.

ठाकर जमातीच्या घरात शहापूरच्या शाळेची वीस-पंचवीस मुलं दाटीनं उभी होती. दिपेश नावाचा मार्गदर्शक त्यांना चूल दाखवत होता. भिमीची नजर मात्र मधल्या मेढीवर, छप्पर पेलणाऱ्या खांबावर गेली. बुडाशी वाळवीची ताजी माती होती. तिनं नख दाबलं, तर बोटाचं पेर आत गेलं.

"दादा, ही मेढ सावरीची हाय का?"

"सागाची आहे आजी. हात लावू नका."

"साग नाय हा. सावरीचं लाकूड मऊ, वाळवीनं पार पोखरलाय. पोरं बाहेर काढ."

"यंदाच बांधलंय हो. जरा मागे व्हा."

तेवढ्यात एका मुलीनं खांबाला धरून गिरकी घेतली. वर काहीतरी करकरलं आणि पेंढ्यातून धूळ झरली. ओरडलं तर पोरं पळतील आणि खांबावरच आदळतील, हे भिमीला कळलं. तिनं मेढीला खांदा लावला.

"बाई, एकेकाला बाहेर न्या. पळू नका म्हनावं."

मुलांच्या शिक्षिका शीतलबाईंनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि काही न विचारता मुलांना दाराकडे वळवलं. दिपेशचा रंग उडाला. तोही येऊन खांबाला भिडला.

मुलं बाहेर पडली. एकच मुलगी जात्यापाशी थिजून उभी राहिली.

"माझ्याकडं बघ गो. वर नको बघू. नाव काय तुझं?"

"कुणाली."

"ये कुणाली. हळू ये."

ती भिंतीला घासत दारापर्यंत गेली. खांब आता दोघांच्या हाताखाली सरकत होता.

"तीन म्हनलं की दाराकडं," भिमी म्हणाली. "एक. दोन. तीन!"

मागे छप्पर धाडकन बसलं. दिपेश सुटला, पण भिमीचा पाय वाशाखाली सापडला. बाहेरून धावत आलेल्या मीनानं आणि त्यानं वासा उचलून तिला ओढून काढलं.

दवाखान्यात जाताना जीपमध्ये दिपेश मान खाली घालून बसला होता. "कंत्राटदारानं सागच सांगितला होता, आजी. मी बघितलंच नाही."



सोमवारी संग्रहालयाचे व्यवस्थापक पाड्यावर आले. बाकीची नऊ घरंही तपासून द्याल का, म्हणाले.

भिमीनं प्लॅस्टरमधला पाय जरा सरकवला. "देईन. पन तवर एकाही घरात कुनाला सोडू नका."

त्यांनी तिच्यासमोरच फोन लावला आणि फाटक बंद करायला सांगितलं.