सीटबेल्टच्या तळाशी

अनुराधाने मागच्या सीटचा बेल्ट धरला आणि ओढत राहिली. बसताना लागतो तेवढाच नव्हे, तर पार शेवटपर्यंत, पुढे येईनासा होईपर्यंत. मग पर्समधला पांढरा टिश्यू काढून तिने त्या शेवटच्या वीतभर पट्टीवर दाबून फिरवला.

टिश्यूवर तपकिरी रेघ उमटली.

तिने गाडीबाहेर डोकं काढलं. "परेशभाई, पिछली सीट खोलेंगे?"

दुबईतल्या रास अल खोरच्या त्या टेस्टिंग गॅरेजमध्ये परेश गेली बारा वर्षं गाड्या तपासत होता. त्याने लॅपटॉपचा पडदा तिच्याकडे वळवला. "मॅडम, स्कॅन तो पास है. बॅटरी के सब ब्लॉक बराबर. चौरासी पर्सेंट."

"वो देखा मैंने. अब आँख से देखना है."

फुजैराच्या बंदरात अनुराधा सर्व्हेअर होती. जहाजाच्या टाकीत तेल किती, त्यात पाणी किती, हे मोजून लिहून द्यायचं तिचं काम. कॅप्टन चिडले, एजंट गोड बोलले, तरी तिचा आकडा कधी हलला नव्हता. आता ईशानीला, तिच्या मुलीला, दुबईत पहिली नोकरी लागली होती आणि तिला ही गाडी मनापासून आवडली होती. अमेरिकेतून आलेली, चार वर्षांची, हायब्रिड. अडतीस हजार दिरहम. "म्हणजे नऊ लाखांच्या वर," अनुराधा सकाळी म्हणाली होती, "आणि तरीही स्वस्तच. का स्वस्त, ते बघू."

गाडीची मालकीण मुनिबा बाहेर सावलीत फाइल घेऊन उभी होती. मूळची कराचीची, शारजात शाळेत शिकवणारी. नवऱ्याची बदली दोहाला झाली होती. महिनाअखेर निघायचं होतं. सर्व्हिसची एकूण एक पावती तिने तारखेवार लावून आणली होती.

परेशने मेन स्विच काढला, जाड हातमोजे चढवले आणि सीट उचलली. बॅटरीला हवा देणाऱ्या पंख्याच्या जाळीत वाळलेला बारीक गाळ बसला होता. नारिंगी केबलच्या जोडावर हिरवट बुरशीसारखं काहीतरी चढलं होतं. परेशने त्यावर टॉर्च धरला.

"पानी में थी, मॅडम. उधर डूबी, इधर धुल के आई."

"चलेगी कितने दिन?"

"चलने को तो आज भी चल रही है. शॉर्ट कब होगी, वो मैं नहीं बोल सकता."

ईशानीने आईचा दंड धरला आणि खालच्या आवाजात म्हणाली, "आई, लेट्स जस्ट गो. कळवतो म्हणून सांग आणि चल. तिला वाटेल, किंमत पाडायला बोलतोय."

"वाटू दे," अनुराधा म्हणाली, आणि तिने मुनिबाला आत बोलावलं.

मुनिबाने सगळं ऐकून घेतलं. तिचा चेहरा ताठ झाला. "बाजी, दाम कम कराना है तो सीधे कहिए. डीलर ने मुझे लिख के दिया है, एक्सीडेंट-फ्री."

अनुराधाने वाद घातला नाही. एक कोरा टिश्यू पुढे केला. "उस तरफ़ का बेल्ट ख़ुद खींचिए. आख़िर तक."

मुनिबा आत वाकली. बेल्ट ओढल्याचा आवाज आला, मग थांबला. ती बराच वेळ तशीच वाकून होती. बाहेर आली तेव्हा टिश्यू तिने कोणाला दाखवला नाही.

"दो साल से मेरे बच्चे यहीं बैठते हैं."

तिने टिश्यू फाइलमध्ये सरकवला.

"आप चुपचाप जा सकती थीं," ती म्हणाली.

"हाँ," अनुराधा म्हणाली.

तेवढ्यात मुनिबाचा फोन वाजला. तिने नाव पाहिलं. "चार बजे वाले हैं. अजमान से आ रहे हैं गाड़ी देखने." फोन हातात वाजत राहिला. ईशानीने आईकडे पाहिलं. अनुराधा मात्र परेशची फी द्यायला काउंटरकडे वळली होती.

"जी भाई, वालेकुम अस्सलाम," मागून मुनिबाचा आवाज आला. "निकल गए क्या? नहीं... गाड़ी है. लेकिन पहले मेरी एक बात सुन लीजिए." बोलत बोलत ती उन्हात गेली.

परत आली तेव्हा डोळे कोरडे होते. "नहीं आ रहे," एवढंच तिने सांगितलं. मग परेशला म्हणाली, "भाई, गाड़ी आज यहीं रहेगी. सोमवार को डीलर से बात करूँगी."

"रख दीजिए, मॅडम. पार्किंग का पैसा नहीं."

ती टॅक्सीसाठी फोन चाळू लागली. शनिवारची दुपार, गॅरेजसमोरचा रस्ता रिकामा होता.

"हम छोड़ देते हैं आपको," ईशानी एकदम म्हणाली. "हमें शारजा की तरफ़ ही जाना है."

तीन वाजता त्यांना जबल अलीला दुसरी गाडी पाहायची होती. शारजाच्या नेमक्या उलट दिशेला.

अनुराधाने मुलीकडे एकदा पाहिलं. मग फोन काढून जबल अलीच्या माणसाला कळवलं, पाचपर्यंत येतो, आणि आपल्या गाडीचं पुढचं दार मुनिबासाठी उघडलं.